स्टिअरेटची बावीस मिनिटं

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणायचे. त्यात माया किती आणि सोय किती, हे कोणी विचारलं नव्हतं, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईला मानाने हाक मारली तर बसायला खुर्ची द्यावी लागते, तिला मावशी म्हटलं की उभं ठेवून भागतं. मावशी त्यावर कधी भांडली नाही. भांडायला तिच्याकडे याहून मोठे विषय होते.

कारखाना औषधाच्या गोळ्यांचा. मावशी तिथे मिक्सरवर होती, एकोणीस वर्षं. त्याआधी सहा वर्षं त्याच खोलीत झाडू मारत होती. पहिल्याच आठवड्यात ती त्या खोलीत अशी आपटली की कंबर महिनाभर धरली होती. फरशीवर पांढरी पूड सांडलेली, पाय पडला आणि बाई आडवी. तेव्हाचा सुपरवायझर दारातून म्हणाला, "स्टिअरेट सांडलं असेल. बघून चालत जा."

"ते काय असतं?" पडल्या पडल्याच हिने विचारलं.

"तुला काय करायचंय? झाडू मार."

झालं! हिला जे करू नको म्हणाल ते ही करून बघणार, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? लग्न होऊन आली तेव्हा सासू सहज म्हणाली होती की आमच्या घरच्या सुना सायकलवर बसत नाहीत. महिन्याभरात ही दोन्ही गुडघे फोडून घेऊन सायकल शिकली, आणि पुढे सासूला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम त्याच सायकलवर केलं. तेव्हा 'तुला काय करायचंय' हे वाक्य तिच्या कानात शिरलं, ते स्टिअरेटचा अर्थ कळेपर्यंत बाहेर निघालं नाही.

अर्थ सांगितला जुन्या केमिस्टनी. किडकिडीत माणूस, सतत खोकणारा, पण कोणी काही विचारलं की खोकला विसरायचा. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी हिलाच प्रश्न केला.

"बाई, तुमच्याकडे आंघोळीला बोअरचं पाणी येतं?"

"येतं."

"साबणाला फेस येतो?"

"कसला फेस? दूध फाटावं तसं होतं डोक्यावर. आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. घासून घासून हात मोडतात."

"तो थर म्हणजेच स्टिअरेट," जुने केमिस्ट म्हणाले. "त्यात आणखी एकदोन भाऊबंद असतात, पण घराणं तेच."

मग त्यांनी टेबलावर बोटाने रेघा ओढत समजावलं. कुठल्याही तेलात, चरबीत आम्लं बांधलेली असतात. घट्ट चरबीत असतं त्यातलं एक आम्ल स्टिअरिक; हे नावच मुळी परक्या भाषेतल्या चरबीच्या शब्दावरून पडलंय. आम्लाला धातू भेटला की त्याचं मीठ होतं. खायचं मीठ नव्हे, केमिस्टचं मीठ. स्टिअरिकला सोडियम भेटला की झाला साबण, त्याचं पाण्याशी जमतं. मॅग्नेशियम भेटला की होते ही पूड, आणि हिचं पाण्याशी हाडवैर. बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम असतो, म्हणून बादलीत पडल्या पडल्या साबण जुनी सोयरीक मोडून नवी जोडतो. नावाच्या शेवटी 'एट' दिसलं की समजायचं, अमक्या आम्लाचं मीठ, नाहीतर तसंच जोडलेलं काहीतरी. ऑलिएट, पामिटेट, स्टिअरेट, सगळी चुलत भावंडं.

मावशी सातवीपर्यंत शिकलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माणसाच्या औषधात बादलीचा थर कशाला घालता?"

जुने केमिस्ट इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला ते बगल देत नसत. गोळी दाबायच्या यंत्रात पोलादी ठसे असतात. पूड ठशाला चिकटली की गोळीचा पापुद्रा निघतो. म्हणून सगळ्यात शेवटी, शंभराला एक या हिशेबाने, स्टिअरेट घालायचं. ते दाण्यांना जरासं बुळबुळीत करतं, गोळी ठशातून सुटते. पण मिक्सरमध्ये ते पाचच मिनिटं फिरवायचं. जास्त फिरलं की ते दाण्यादाण्याला चहूबाजूंनी माखतं, आणि मग पोटातलं पाणी आतल्या औषधापर्यंत पोचत नाही.

"दिसायला गोळी, कामाला खडा," जुने केमिस्ट म्हणाले.

"म्हणजे अति तिथं माती," मावशी म्हणाली.

"अगदी."

त्या दिवसापासून झाडू मारता मारता हिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. मिक्सरवरचा माणूस सहाव्या मिनिटाला तंबाखू मळत उभा दिसला की ही कोपऱ्यातून ओरडायची, "झाली हो पाच मिनिटं!" त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सहा वर्षं ओरडली. शेवटी जुने केमिस्ट वर जाऊन म्हणाले की जी बाई झाडू हातात घेऊन मिक्सर सांभाळते, तिच्या हातात मिक्सरच द्या. कुरकुर पुष्कळ झाली. बाईमाणूस, सातवी पास, झाडूवाली. मावशीने कुरकुर करणाऱ्यांना उत्तर दिलं नाही. एकोणीस वर्षं बॅचमागून बॅच काढली, आणि एकही बॅच तिच्या हातून बिघडली नाही.

मिक्सर म्हणजे दोन पोलादी नळकांडी खाली एकत्र जोडलेली, वर दोन तोंडं. ती अख्खी वस्तू आडव्या दांड्यावर गरगर उलटीपालटी होते. मावशीचा नवरा शिंपी. त्याने एकदा कारखान्याच्या वार्षिक दिवसाला ते यंत्र पाहिलं आणि म्हणाला, "ही तर विजार आहे! कंबर खाली, पाय वर." तेव्हापासून मावशी त्याला विजारच म्हणायची, आणि हळूहळू सगळी खोली म्हणायला लागली. नव्या शिफ्टसाहेबाला सुद्धा पहिल्या दिवशी कोणीतरी सांगितलं, "साहेब, विजार धुऊन तयार आहे," आणि तो बिचारा आपल्याच कपड्यांकडे बघत राहिला.

हा शिफ्टसाहेब तिशीच्या आतला, केमिस्ट्रीची पदवी घेतलेला, वाईट म्हणावा असा नव्हता. पण 'चालतंय हो' हे त्याचं पालुपद. विजारीचा टायमर बंद पडला, तर म्हणाला, चालतंय हो, मावशींच्या डोक्यात घड्याळ आहे. मावशीने दुरुस्तीच्या वहीत तीनदा लिहिलं. तीन आठवडे झाले तरी टायमर तसाच. तोवर ती हाताने बटण दाबायची आणि घड्याळ बघायची.

आणि मग तो बुधवार आला. तिच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.

बॅच होती फिटच्या गोळ्यांची. तीनशे किलो पूड, म्हणजे दहा लाख गोळ्या. इथे लोक लगेच विचारतात, मावशीच्या घरी कोणाला फिट यायची का? नाही. नव्हती येत. माहेरी नाही, सासरी नाही, शेजारी नाही. माणसाला खरं वागायला घरात रोगी असावाच लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांची मला मोठी गंमत वाटते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मावशीने चाळलेलं स्टिअरेट विजारीत ओतलं, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. तेवढ्यात दार उघडून शिफ्टसाहेब तीन पाहुण्यांना घेऊन आत आला. हे लोक माल विकत घेणारे, डोक्यावर कागदी टोप्या, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. शिफ्टसाहेबाला मिरवायचं होतं.

"या आमच्या मावशी. पंचवीस वर्षांचा अनुभव. काहीही विचारा."

एका पाहुण्याने विजारीकडे बोट दाखवून विचारलं, आत काय चाललंय? आणि मावशी खुलली. तिला असं कोणी विचारलंच नव्हतं इतक्या वर्षांत. तिने स्टिअरेट सांगितलं. चरबी, आम्ल, मीठ सांगितलं. बोअरचं पाणी आणि बादली सांगितली. कंबर धरल्याची गोष्ट हातवारे करून सांगितली, तेव्हा पाहुणे पोट धरून हसले. आणि पाच मिनिटांचं महत्त्व तर असं रंगवून सांगितलं की एकजण म्हणाला, बाई, तुम्ही कॉलेजात शिकवायला हव्या होत्या. मावशीला गालातल्या गालात हसू आलं. तिने अभिमानाने घड्याळाकडे हात केला, आणि हात तसाच राहिला.

अकरा बत्तीस.

पाच मिनिटांचं महत्त्व सांगता सांगता तिने विजार बावीस मिनिटं फिरवली होती.

तिने बटण बंद केलं. पाहुण्यांना वाटलं, वेळ झाली म्हणून बंद केलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पुढच्या खोलीत गेले. मावशी यंत्राला हात टेकून उभी राहिली.  तिला रडू नाही आलं, पण लाज अशी वाटली की मास्क आहे ते बरं झालं असं वाटलं. सहा वर्षं ज्या चुकीसाठी दुसऱ्यांवर ओरडली, ती चूक तिनेच केली होती, आणि ती सुद्धा कोणी कौतुक केलं म्हणून.

मग तिने बॅच शीट पुढे ओढली. स्टिअरेटच्या रकान्यात लिहिलं: सुरू ११.१०, बंद ११.३२, एकूण २२ मिनिटं. सही केली.

शिफ्टसाहेब पाहुण्यांना सोडून परत आला, त्याने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे काय लिहिलंय?"

"झालं ते."

"अहो पण... बावीस लिहिलं तर बॅच बाद होईल. चौकशी लागेल. टायमर बंद होता तेही निघेल."

"निघू दे. मी वहीत तीनदा लिहिलंय."

"तेच तर म्हणतोय मी!" तो कळवळून म्हणाला. मग आवाज खाली आणला. "तुम्ही पाच लिहा. कोणाला कळणारे? चालतंय हो."

"चालत नाही," मावशी म्हणाली. "चुकले मी. पण खोटं नाही लिहिणार."

पूड तीन स्टीलच्या पिंपांत काढून ठेवली, पिंपांवर पिवळी चिठ्ठी लागली: तपासणी चालू. दुपारी त्यातल्या थोड्या पुडीच्या नमुन्याच्या गोळ्या पाडल्या. लॅबमध्ये सहा गोळ्या कोमट पाण्यात खालीवर हलवून बघतात, किती वेळात विरघळून फुटतात ते. या गोळ्या एरवी तीन मिनिटांत फुटायच्या. या खेपेला तेरा लागली. हद्द पंधराची. लॅबने लिहिलं: पास.

शिफ्टसाहेब तो कागद नाचवतच आला. "बघा, पास! उगाच जीव काढलात माझा."

"तीनच्या जागी तेरा," मावशी म्हणाली. "आणि दहा लाखांतल्या सहाच बघितल्यात. उरलेल्यांतली एखादी चाळीस मिनिटं बसली तर? दोन महिने कुठल्या गरम पत्र्याखाली पडून राहिली तर? रोग्याला वाटेल औषध घेतलं, आणि गोळी आली तशी निघून जाईल. मग तो रस्त्यात पडेल, तेव्हा लॅबचा कागद त्याच्या डोक्याखाली ठेवणार का?"

 शिफ्टसाहेबाने तिची शीट काढून घेतली आणि सांगितलं की उद्या सकाळी मोठे साहेब भेटतील.

संध्याकाळी घरी नवरा पुढच्या खोलीत मशिनवर बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने पाय थांबवला नाही, शिवण संपवली, दोरा दातांनी तोडला आणि मग म्हणाला, "अगं, सात महिने राहिलेत. ते तुलाच वाचवतायत आणि तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"माझा पाय आहे."

"मीही चुकतो कधी कधी. मागे एक कोट कापताना चुकलो, तर आत एक चुणी घातली. अजून तो माणूस तोच कोट घालून हिंडतो. कोणाला कळलं?"

"कोट उसवला म्हणून माणूस मरत नाही."

"विजार उसवली तर मरतो. विशेषतः लग्नात." तो हसला, पण ती हसली नाही, तेव्हा त्याने कात्री खाली ठेवली. "खरं सांगू? मला भीती वाटते. पंचवीस वर्षांनी तुला हाकलून काढलेलं मला बघवणार नाही."

हे तो पहिल्यांदाच असं उघड बोलला होता. मावशीला क्षणभर वाटलं, लिहावं पाच. एक पाचाचा आकडा तर काढायचा. पण तिने मनातल्या मनात तो आकडा काढून बघितला, आणि तो काढताना आपला हात कसा दिसतो ते तिला दिसलं. तो तिला आवडला नाही.

"भीती मलाही वाटते हो," ती म्हणाली. "म्हणून काय खोटं लिहू?"

सकाळी मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दिली, तेव्हाच मावशी सावध झाली. टेबलावर नवी कोरी शीट होती. स्टिअरेटच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं: ५ मिनिटं. खाली 'तपासले' या जागी शिफ्टसाहेबाची सही झालेली. वर 'काम करणार' ही जागा रिकामी.

"मावशी, चूक माणसाकडूनच होते," मोठे साहेब गोड आवाजात म्हणाले. "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. सही करा आणि विसरून जा. सात महिन्यांनी आम्ही तुम्हाला थाटात निरोप देऊ."

"मला पाठीशी कोणी नको. बॅच बाद करा."

"लॅबने पास केलीय."

"लॅबला बावीस मिनिटं सांगितली होती का?"

 मोठ्या साहेबांचा गोडवा संपला. "तुमचं शिक्षण किती? सातवी ना? स्टिअरेट म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? इथे पदव्या घेतलेली माणसं आहेत. त्यांना जे कळतं त्यात तुम्ही तोंड घालू नका."

चूक केली त्यांनी. पंचवीस वर्षांपूर्वी एका सुपरवायझरने केली होती तीच.

"सांगते," मावशी म्हणाली आणि खुर्चीतून उठली. तिला उभ्यानेच बोलायची सवय होती. "स्टिअरेट म्हणजे स्टिअरिक आम्लाचं मीठ. स्टिअरिक चरबीत असतं. सोडियम लागला तर साबण, मॅग्नेशियम लागला तर आपली पूड. साबण पाण्यात जातो, ही जात नाही. आपण ही घालतो ती रोग्यासाठी नाही, आपल्या ठशांसाठी. रोग्याला तिचा काडीचा उपयोग नाही. ती औषधात आहे ती आपल्या सोयीपुरती, आणि म्हणून तिची हद्द पाच मिनिटं. आपली सोय रोग्याच्या औषधावर चढून बसली की ते औषध राहत नाही. साहेब, तुम्ही पदवी घेतलीय. यातलं काय चुकलं ते सांगा."

शिफ्टसाहेब कोपऱ्यात उभा होता. त्याने खाली बघितलं. मोठे साहेब पेनाचं टोपण उघडत-बंद करत राहिले, कारण चुकलेलं काहीच नव्हतं.

"एवढं कळतं, तर बावीस मिनिटं फिरवलंच कसं?" शेवटी ते म्हणाले.

हा घाव बरोबर बसला. मावशी म्हणाली, "मिरवत होते मी. त्याची जी शिक्षा द्याल ती घेईन. लेखी द्या, सही करते. पण माझी शिक्षा मलाच द्या, फिट येणाऱ्या माणसांना देऊ नका."

"ठीक आहे. जा तुम्ही." मोठ्या साहेबांनी घंटी वाजवली. "सही करायला तुम्हीच लागता असं नाही."

दुसऱ्या पाळीला विजारीवर एक बाई असायची. तिला मावशीनेच शिकवून तयार केलेलं, चाळण कशी धरायची इथपासून. तिला लवकर बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने ती केबिनमधून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"केली सही," ती मावशीला म्हणाली. "मावशी, माझी दोन लहान आहेत."

"माहीत आहे गं."

"शिव्या द्या मला."

"तुला कशाला देऊ? शिव्या खाणाऱ्यांची यादी वेगळी आहे." मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. खरोखरच तिला त्या बाईचा राग आला नव्हता. पण ज्यांनी त्या बाईला रडवून सही घेतली, त्यांचा असा राग आला की कानशिलं तापली. काल रात्रीपर्यंत थोडी लाज होती, थोडी भीती होती. आता दोन्ही गेली. बरं झालं गेली.

पिंपांवर हिरवी चिठ्ठी लागली होती: पास. दोन वाजता पूड गोळ्यांच्या यंत्रावर जाणार होती. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे डबे घेऊन खाली गेले. मावशी गेली नाही. तिने विचार केला. वर तक्रार करावी, तर सगळ्यात वर मोठे साहेबच. बाहेर सांगावं, तर आठ दिवस जातील आणि तोवर दहा लाख गोळ्या पडून, डब्यांत भरून, गाडीत चढलेल्या असतील. कागद आता खोटं बोलत होता, आणि सगळे कागदाचंच ऐकणार होते. तिच्या हातात काय होतं? तिच्या हातात धुण्याच्या खोलीची चावी होती.

तिने बादली भरून आणली.

ही तीच बाई, जी पुडीच्या खोलीत कोणी ओला हात घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवायची. तिने पहिल्या पिंपाचं झाकण काढलं आणि अख्खी बादली आत ओतली. आणि बघत राहिली. पाणी आत जाईना. पुडीवर नुसतं तळं साचलं, काठाकाठाने थेंब गोळ्यांसारखे घरंगळत होते. तिने लाकडी फावडं घेतलं आणि पाणी आत दाबून दाबून कालवलं. मग दुसरं पिंप, दुसरी बादली. तिसऱ्याचं झाकण काढून तिने पाणी ओतलं, तेवढ्यात शिफ्टसाहेब विसरलेला चष्मा न्यायला आला.

तो दारातच थिजला. "मावशी! काय केलंत हे?"

"इकडे या," मावशी म्हणाली. "ओरडू नका, आधी इकडे या. बघा."

तो आला. तिसऱ्या पिंपात पाणी अजून पुडीवर उभं होतं, खालची पूड कोरडी ठणठणीत. मावशीने बोटाने दाखवलं.

"बादलीभर पाणी वरून ओतलंय, तरी घेत नाही. पोटात घोटभर पाण्यात घेईल?"

शिफ्टसाहेब त्या पाण्याकडे बघत राहिला. कागदावरची तेरा मिनिटं त्याने वाचली होती, पण हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याला बहुतेक पुस्तकातलं एखादं पान आठवत असावं. मावशीने फावडं आत घातलं आणि तिसरं पिंपही कालवलं, तेव्हा त्याने तिचा हात धरला नाही.

आरडाओरडा व्हायचा तो झालाच. कोणीतरी खाली जाऊन सांगितलं, मोठे साहेब अर्ध्या जेवणावरून उठून आले, टोपी न घालताच आत शिरले.

"टोपी," मावशी म्हणाली.

"पोलिसांत देईन तुम्हाला! कळतंय का काय केलंत? कारखान्याचं नुकसान केलंत, मुद्दाम! आत जाल!"

"द्या. पण तक्रारीत 'का' लिहावं लागतं. तुम्ही नाही लिहिलंत तर मी सांगेन. तिथेही बावीसच सांगेन."

इथे सांगून टाकायला हवं की तक्रार कधी झाली नाही. मावशीला त्याच दिवशी कामावरून काढलं. थाटाचा निरोप वगैरे राहिला बाजूला, फाटकाशी तिची पिशवी तपासून तिला सोडलं. पिंपांतली पूड सात दिवसांनी जाळायला भट्टीत गेली. पण हे सगळं पुढचं. त्या क्षणी खोलीत चौघं होती: मोठे साहेब, शिफ्टसाहेब, दारात तोंडावर पदर धरून उभी दुसऱ्या पाळीची बाई, आणि कोपरापर्यंत भिजलेली मावशी.

मावशीने हात पुसले. नीट, बोटाबोटांतून पुसले, कारण ओल्या हाताने कागदाला शिवायचं नाही हा नियम होता. मग भिंतीला अडकवलेली ती नवी शीट काढली. दुसऱ्या पाळीच्या बाईच्या सहीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं: हिचा संबंध नाही. टाइप केलेल्या पाचावर तशीच रेघ मारून वर बावीस लिहिलं. आणि खाली शेऱ्याच्या जागी, सातवीतल्या वळणदार अक्षरात, घाई न करता लिहीत गेली:

'स्टिअरेट २२ मिनिटं फिरलं. चूक माझी. टायमर तीन आठवडे बंद. बॅच खोटी पास केली. म्हणून आज दुपारी १.४० ला तिन्ही पिंपांत एकेक बादली पाणी घातलं. तेही मीच.'

खाली सही, तारीख, वेळ. सगळं वाचून बघितलं. एक काना राहिला होता तो दिला.

"तुम्हाला वेड लागलंय," मोठे साहेब म्हणाले. आवाज आता बसला होता.

मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती शिफ्टसाहेबाकडे वळली आणि शीट त्याच्यापुढे धरली.

"'तपासले' इथली तुमची आधीची सही पाचाखालची आहे. ती आता चालणार नाही. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, पाणी उभं राहिलं ते. बघितलंय ना?"

"बघितलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"खबरदार सही केलीस तर," मोठे साहेब म्हणाले.

शिफ्टसाहेबाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पिंपाकडे. मावशी शीट धरून उभी होती. 

"पेन द्या, मावशी," तो म्हणाला.